'द हॉबिट'चा तिसरा भाग बघून एवढे लोक नाराज का झाले?

नाराजी रास्त आहे. १९३७ च्या एका छोट्याशा पुस्तकाचे आधी दोनच चित्रपट होणार होते, २०१२ मध्ये तीन करायचं ठरलं. मग ज्या ड्रॅगनसाठी आपण वर्षभर थांबलो, तो चित्रपटाचं नाव पडद्यावर यायच्या आधीच मरतो आणि नंतर जवळपास पाऊण तास लढाईच! डिसेंबर २०१४ ला नाशिकमध्ये बघून बाहेर पडलो, तर कॉलेज रोडला चहा घेता घेताच आमचे दोन गट पडले. मित्र म्हणाला, "पाणी घालून वाढवलंय रे." पटलंच. पण बर्फावर बुटक्यांचा राजा थोरिन शेवटचे श्वास घेतोय आणि त्याचा मित्र, कथेचा नायक बिल्बो त्याला मदतीला गरुड आलेत म्हणून सांगत राहतो, तिथे अख्खं थिएटर चिडीचूप झालं होतं. तेवढ्या प्रसंगासाठी मी तो अजूनही बघतो.