मुलीची चित्रकथा आधी वाचून पाहा

सप्रेम नमस्कार.

कॅनडातील मिसिसागाहून पाठवलेले आपले पत्र आणि सोबतची मुलीची चार पाने मिळाली. संगणकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला असलेली आपली मुलगी कोणत्याही कला महाविद्यालयात न जाता गेली चार वर्षे रात्री जागून कॉमिक काढते आहे, आता शिक्षण सोडून तिला हेच पूर्णवेळ करायचे आहे, आणि या विषयावरून घरात बापलेकीचे बोलणे बंद झाले आहे, असे आपण लिहिता. तिची समजूत कशी घालावी, हा आपला प्रश्न आहे. मी आधी तिची पाने वाचली आणि उत्तराची सुरुवातही तेथूनच करतो, कारण आपल्या इतक्या सविस्तर पत्रात त्या पानांवर काय आहे याविषयी एक ओळही नाही.

दुसऱ्या पानावर सहा चौकटी आहेत. साताऱ्याच्या आजीशी व्हिडिओ कॉल चालू आहे आणि आजीने फोन असा धरला आहे की पडद्यावर तिचे कपाळ, कुंकू आणि वरचा पंखा एवढेच दिसते. पहिल्या चार चौकटींत आजी जेवणाखाण्याची चौकशी करते. पाचव्या चौकटीत कपाळही नाही आणि संवादाचा फुगाही नाही, नुसता पंखा आहे. सहाव्या चौकटीत कपाळ पुन्हा दिसते, पण कुंकू एका बाजूने पुसट झालेले आहे. आजी पदराने डोळे पुसून आली, हे कोठेही लिहिलेले नाही. काय दाखवायचे नाही हे ज्या मुलीला विसाव्या वर्षी कळते, तिच्या कामाला छंद म्हणून बाजूला सारू नये, असे मला मनापासून वाटते.

तिच्या कामात उणिवाही आहेत आणि त्या तिला सांगायला हव्यात. पात्रांचे हात कच्चे काढलेले आहेत. जेथे जमले नाहीत तेथे ते खिशात किंवा टेबलाखाली लपवलेले आहेत. चित्र पूर्ण झाल्यावर मजकूर कोंबल्यामुळे फुगे कडेला चेंगरले आहेत. आधी अक्षरांची जागा ठरवावी आणि मग आकृती बसवावी, ही सवय वर्गात शिकवली जाते. एकटीने शिकणाऱ्या माणसाला ती ठेच लागल्यावर लागते. स्वतःचे स्वतः शिकण्यातली खरी अडचण हीच आहे की चूक दाखवणारे शेजारी कोणी नसते. म्हणून आठवड्यातून एकदा जिवंत माणूस समोर बसवून रेखाटन करण्याचा वर्ग तिने अवश्य लावावा आणि त्याची फी आपण आनंदाने द्यावी.

आपण राहता त्या कॅनडातीलच केट बीटन यांचे उदाहरण तिच्या वडिलांना जरूर सांगा. केप ब्रेटन बेटावरच्या या चित्रकथाकार बाईंची पदवी इतिहास आणि मानववंशशास्त्राची आहे. शैक्षणिक कर्ज फेडण्यासाठी त्या २००५ मध्ये अल्बर्टा प्रांतात वाळूतून खनिज तेल काढणाऱ्या प्रकल्पांवर कामाला गेल्या आणि नोकरीच्याच त्या काळात त्यांनी चित्रपट्ट्या इंटरनेटवर टाकायला सुरुवात केली. त्या वर्षांवरचे त्यांचे चारशेहून अधिक पानांचे आत्मचरित्रात्मक पुस्तक २०२२ साली आले. मधला काळ किती मोठा आहे, हे आपल्या मुलीनेही पाहावे. कर्ज आणि घरभाडे डोक्यावर नसेल तर हात मोकळा राहतो, म्हणून तिने पदवी सोडू नये असे मी स्पष्टपणे सांगेन. पण पदवी झाल्यावर लगेच मोठ्या पगाराची नोकरी धरलीच पाहिजे, असा हट्ट आपणही धरू नये. अर्धवेळ काम करून दोन-तीन वर्षे चित्रांना देणे हा तोट्याचा सौदा नाही.

या उन्हाळ्यासाठी तिला एकच काम द्या, ते म्हणजे चोवीस पानांचे एक पुस्तक पूर्ण करण्याचे. मध्ये टाचण्या मारलेल्या पुस्तिकेची पाने चारच्या पटीत असावी लागतात, म्हणून चोवीस. न संपलेल्या तीनशे पानांच्या महाकथेपेक्षा संपलेली चोवीस पाने तिला अधिक शिकवतील. शंभर प्रती छापून घ्याव्यात आणि छोट्या प्रकाशकांच्या मेळ्यात टेबल मिळवण्यासाठी अर्ज करावा. टोरंटोचा कॉमिक कला महोत्सव २००३ पासून भरतो आणि तेथे प्रेक्षकांना प्रवेश विनामूल्य असतो. अर्ज करण्यापूर्वी यंदा आपण तिघांनी मिळून तो पाहून यावा. अनोळखी माणूस पान उलटताना कोठे थांबतो, हे टेबलामागे उभे राहूनच कळते.

पैशांचे थोडक्यात सांगतो. कॅनडात सलग चार तिमाहींची विक्री ३०,००० डॉलरच्या आत असेपर्यंत जीएसटीची नोंदणी सक्तीची नसते, पण मिळकत लहान असली तरी ती आयकर विवरणपत्रात दाखवावी लागते. अमेरिकेतील वाचकांनी मात्र जपावे: केवळ एच-४ व्हिसावर, म्हणजे नोकरीसाठी आलेल्या पालकांवर अवलंबून असणाऱ्यांच्या व्हिसावर, असलेल्या मुलांना कमाईचे काम करता येत नाही आणि विद्यार्थी व्हिसावरही कडक बंधने असतात, त्यामुळे इंटरनेटवर वाचकांकडून वर्गणी घेणारे पान उघडण्यापूर्वी वकिलाला विचारावे. आणि कोणत्याही प्रकाशकाने किंवा ॲपने करार पुढे केला, तर पात्रांचे, अनुवादाचे आणि चित्रपटाचे हक्क कोणाकडे जातात हे वाचल्याशिवाय तिने सही करू नये.

शेवटी एक विनंती. आजीचे मराठी संवाद तिने रोमन लिपीत लिहिले आहेत आणि तेवढ्यापुरती ती आजी परकी वाटते. मुलीला देवनागरी लिहिण्याचा सराव नसावा. आपले पत्र हाताने लिहिलेले होते. अक्षर गोल आणि शिरोरेषा सरळ आहे. एका संध्याकाळी तिच्या शेजारी बसून त्या चार चौकटींतले आजीचे बोलणे आपण आपल्या अक्षरात लिहून द्याल का? ते स्कॅन करून फुग्यांत कसे बसवायचे, हे तिला नक्कीच येत असेल.