कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅलीच्या वाळवंटात पहिला पॅनोरामा काढताना

पॅनोरामा म्हणजे शेजारशेजारचे फोटो (फ्रेम) जोडून केलेला एक रुंद फोटो. त्यासाठी पॅनो हेड (ट्रायपॉडवर कॅमेरा फिरवायचं खास उपकरण) विकत घ्यायची घाई करू नका. आहे तो कॅमेरा चालेल, फक्त उभा धरा. आडवा धरलात तर पॅनोरामा रिबिनीसारखा अरुंद निघतो.

नवख्यांचे सगळ्यात जास्त फोटो बिघडतात ते कॅमेऱ्याच्या ऑटो मोडमुळे. इथल्या झॅब्रिस्की पॉइंट या ठिकाणी सकाळी समोरच्या मॅन्ली बीकन या सुळक्याच्या टोकावर ऊन आलेलं असतं, खालच्या घळी अजून सावलीत. ऑटोवर प्रत्येक फ्रेमचा उजेड वेगळा येतो आणि जोडल्यावर आकाशात पट्टे दिसतात. म्हणून उजळ भाग बघून एक्स्पोजर (फोटोत किती उजेड घ्यायचा ते) ठरवा, मॅन्युअलवर टाका. फोकस आणि व्हाइट बॅलन्सही (रंगछटेची सेटिंग) लॉक करा. मग दर फ्रेममध्ये आधीच्या फ्रेमचा निदान तिसरा हिस्सा येऊ द्या.

आणखी दोन गोष्टी:
- पोलरायझर (चकाकी कमी करणारा लेन्सवरचा फिल्टर) काढून ठेवा. रुंद आकाशात मधेच गडद निळा डाग पडतो, तो काही केल्या निघत नाही.
- अगदी पायाशी असलेलं झुडूप किंवा दगड टाळा, जोडताना तिथेच तुटतं.

डेथ व्हॅलीतल्याच बॅडवॉटरच्या मिठाच्या सपाटीवर क्षितिज जरा कललं तरी खुपतं. तिथे ट्रायपॉड लावाच. एचडीआर (कमीजास्त उजेडाचे फोटो एकत्र करणं) वगैरे नंतर बघू. आणि हो, उन्हाळ्यात जाणार असाल तर सकाळी १० नंतर पायी भटकू नका. गाडीत पाणी भरपूर ठेवा.