फोर बाय फोर गाडीत टायर भरायला एअर कॉम्प्रेसर कायमचा बसवायचा आहे. कोणता घ्यावा, आणि बोनेटखाली बसवावा की सीटखाली? इलेक्ट्रिशियन म्हणतो फॉगलॅम्पच्या रिलेवर जोडून देतो. चालेल का?

नाही, रिलेवर चालणार नाही. (रिले म्हणजे बारीक करंटनं मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच.)

तुम्ही एका दमात तीन गोष्टी विचारल्या आहेत. कॉम्प्रेसर कोणता घ्यावा, बोनेटखाली बसवावा की सीटखाली, आणि फॉगलॅम्पचं वायरिंग तयार आहेच तर त्यावरच जोडून टाकावा का. पहिल्या दोन प्रश्नांवर लोक तासन्‌तास भांडतात आणि तिसरा इलेक्ट्रिशियनवर सोपवून मोकळे होतात. गाडी जळते ती मात्र तिसऱ्यामुळे, म्हणून मी तिथूनच सुरुवात करतो.

५५ वॉटचे दोन फॉगलॅम्प म्हणजे ११० वॉट, १२ व्होल्टवर साधारण ९ अँपिअर. त्या हिशोबानं त्या लाइनीला १५ किंवा २० अँपिअरचा फ्यूज असतो आणि वायर दीड, फार तर अडीच एमएम (वायरचं एमएम म्हणजे तांब्याच्या कापाचं चौरस मिलिमीटर). एका सिलिंडरचा बरा कॉम्प्रेसर दाबाखाली २५ ते ३० अँपिअर खातो. सुरू होताना क्षणभर याच्या कितीतरी पट. त्यामुळे पहिल्याच दिवशी फ्यूज उडतो. मग इलेक्ट्रिशियन म्हणतो, "जरा हेवी फ्यूज टाकतो," आणि २० च्या जागी ४० चा बसवतो. कॉम्प्रेसर चालू लागतो, सगळे खूश. पण त्या घटकेपासून त्या लाइनीत वायर हीच सगळ्यात कमजोर कडी झालेली असते.

अशाच जोडणीतला रिलेचा एक होल्डर हे लिहिताना माझ्यासमोर टेबलावर आहे. काळं प्लास्टिक, चार खाचा. ८५ आणि ८६ या, रिले ओढणाऱ्या कॉइलच्या खाचा अगदी नव्यासारख्या. करंट बाहेर जातो त्या ८७ च्या कडेला प्लास्टिक तपकिरी पडलंय. बॅटरीचा करंट येतो ती ३० ची खाच मात्र ओळखू येत नाही, प्लास्टिक ओघळून आतल्या क्लिपवर बसलंय. क्लिपवर निळसर झाक आहे आणि वायरचं इन्सुलेशन दोन बोटांपर्यंत कडक होऊन तडकलंय. या लाइनीतला फ्यूज शाबूत होता. तो उडालाच नाही, आणि खरा मुद्दा इथेच आहे. करंट जास्त नव्हताच, कॉम्प्रेसर त्याच्या नेहमीच्या ३० अँपिअरवरच चालत होता. सैल क्लिपचा रोध समजा एक शतांश ओहम धरला, तर ३० गुणिले ३० गुणिले ०.०१, म्हणजे ९ वॉट उष्णता हरभऱ्याएवढ्या जागेत. क्लिप तापली की तिचा ताण जातो, ताण गेला की रोध वाढतो, रोध वाढला की आणखी तापते. मोठा फ्यूज टाकून हे थांबत नाही आणि छोटा टाकूनही थांबत नाही. थांबतं ते फक्त योग्य मापाच्या पिनांनी आणि नीट क्रिंप केलेल्या, म्हणजे हत्यारानं दाबून बसवलेल्या जोडानं.

दुसरी बाजू व्होल्टेजची. बॅटरीपासून कॉम्प्रेसर ३ मीटरवर असेल तर जाऊन-येऊन ६ मीटर तांबं. ४० अँपिअर धरा. अडीच एमएम वायरमध्ये साधारण १.६ व्होल्ट गळतात, ६ एमएममध्ये ०.७, १० एमएममध्ये ०.४. "दीड व्होल्टनं काय फरक पडतो?" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की त्याचं उत्तर एकदा सविस्तर लिहायचंच होतं. या मोटरचा करंट समोरच्या दाबावर ठरतो आणि फेरे व्होल्टेजवर. म्हणजे व्होल्टेज पडलं तरी करंट तेवढाच राहतो, फेरे कमी होतात, हवा कमी येते, टायर भरायला जास्त वेळ लागतो आणि तेवढा जास्त वेळ वायर, रिले आणि मोटर तापत राहतात. "कॉम्प्रेसरमध्ये दम नाही" म्हणून विकायला काढलेल्या मशिनांपैकी बऱ्याच मशिनांना फक्त जाड वायर हवी असते.

आता सरळ जोडणी. बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून थिंबल (वायरच्या टोकाची धातूची कडी), तिथून एका वितीच्या आत फ्यूज, मग ६ एमएमची तांब्याची बारीक तारांची लवचीक वायर, अंतर ३ मीटरच्या पुढे गेलं तर १० एमएम. ३० अँपिअरच्या कॉम्प्रेसरला ४० चा मॅक्सी, म्हणजे मोठ्या पात्यांचा फ्यूज. तो साध्या ब्लेडच्या होल्डरमध्ये कोंबू नका, मॅक्सीचा होल्डर वेगळा मिळतो. रिले ७० अँपिअरचा घ्या, त्याच्या पिना रुंद असतात. ४० चा रिले कागदावर पुरतो, बोनेटखालच्या उष्णतेत पुरत नाही. ३० वर बॅटरी, ८७ वरून कॉम्प्रेसर. ८६ ला इग्निशन चालू असतानाच येणारी लाइन, तिच्यात ५ अँपिअरचा फ्यूज, डॅशबोर्डवरचं बटन आणि प्रेशर स्विच (दाब पुरेसा झाला की लाइन तोडणारा) एकामागून एक. ८५ अर्थ, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हकडे परतीची बाजू. प्रेशर स्विच या बारीक लाइनीतच हवा. मोटरचा करंट त्याच्यातून नेला तर त्याचे पॉइंट थोड्याच दिवसांत चिकटतात आणि मग कॉम्प्रेसर बंदच होत नाही.

अर्थही तेवढ्याच जाड वायरचा. बॉडीवर घेणार असाल तर रंग खरवडून, दातेरी वॉशर टाकून, वरून ग्रीस. ज्या गाड्यांत बॅटरीच्या निगेटिव्ह टोकावर करंट मोजणारा सेन्सर असतो, तिथे अर्थ थेट टोकावर न घेता सेन्सरच्या पलीकडे, बॉडीच्या बाजूला घ्या, नाहीतर गाडीचा चार्जिंगचा हिशोब चुकतो. फायरवॉलमधून वायर जाईल तिथे रबरी ग्रॉमेट हवंच. जोड क्रिंपचे, वर हीट श्रिंक. सोल्डरिंग मी या जागी मुळीच मान्य करत नाही. शिसं वायरच्या तारांत आत चढतं, तो भाग ताठ होतो आणि खडबडीत रस्त्यावरच्या कंपनानं नेमकी तिथेच वायर तुटते.

फ्यूज बॅटरीजवळ की कॉम्प्रेसरजवळ, हा जुना वाद आहे आणि त्यात माझी बाजू ठाम आहे. फ्यूज वायरच्या रक्षणासाठी असतो. कॉम्प्रेसरला त्याची स्वतःची थर्मल कट-ऑफ असते. फ्यूज कॉम्प्रेसरकडे लावला तर बॅटरीपासून तिथपर्यंतची सगळी वायर उघड्यावर. ती एखाद्या ब्रॅकेटच्या धारेवर घासली, इन्सुलेशन फाटलं आणि बॉडीला टेकली, की बॅटरी काही शे अँपिअर त्या वायरमध्ये ओतते. वायर लाल होते आणि टोकाचा फ्यूज आरामात शाबूत राहतो, कारण करंट त्याच्यापर्यंत पोचतच नाही. "पण सोबत आलेल्या हार्नेसमध्ये फ्यूज मशीनच्याच बाजूला आहे" हा यावर नेहमीचा सवाल असतो. असू दे. तो तसाच ठेवा आणि बॅटरीपाशी आपला एक वेगळा लावा.

जागेबद्दल. बोनेटखाली जागा असेल तर बोनेटखाली, पण एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि टर्बोच्या विरुद्ध बाजूला आणि बॅटरीच्या उंचीला किंवा वर. सीटखाली बसवला तर ऊन-पाणी लागत नाही हे खरं, पण ३० अँपिअर खाणारं मशीन म्हणजे साडेतीनशे वॉटचा हीटर आहे. कार्पेटनं चारही बाजू झाकल्या तर दुसऱ्याच टायरला ते तापून बंद पडेल. चासीखाली, चिखलात, कधीच नाही. ब्रॅकेट किमान ३ मिलिमीटर पत्र्याचं, रबरी माउंट, नायलॉक नट, आणि बॉडीच्या पातळ पत्र्यावर बसवत असाल तर मागून आधाराची पट्टी. नुसत्या वॉशरवर पत्रा भोकाभोवती चिरत जातो. हवा ओढणारा फिल्टर नळी लावून जमेल तितका उंच न्या. पाण्यातून जाताना मशीन बंद असलं तरी फिल्टर भिजतो आणि पुढच्या वेळी ते पाणी सिलिंडरमध्ये जातं. ही मशिनं बिनतेलाची असतात, पिस्टनला टेफ्लॉनची रिंग असते. कुणी "जरा तेल सोडू का" म्हणालं तर हात धरा.

हवेच्या बाजूला दोन चुका सगळीकडे दिसतात. पहिली, कॉम्प्रेसरच्या हेडमधून निघणाऱ्या तोंडाला थेट प्लास्टिकची नळी. दाबली गेलेली हवा उकळत्या पाण्यापेक्षा बरीच गरम निघते, त्यामुळे पहिली अर्धा-पाऊण मीटर नळी स्टीलची जाळी असलेली टेफ्लॉनचीच हवी. हवेची टाकी असेल तर या नळीच्या टाकीकडच्या टोकाला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे हवा एकाच दिशेनं जाऊ देणारा. मशीनला तो आतूनच दिलेला नसेल तर टाळू नका, टाकीचा दाब डोक्यावर घेऊन मोटर पुन्हा सुरू होत नाही.

दुसरी चूक आटे. पाव इंची एनपीटीला (अमेरिकन पद्धत) इंचाला १८ आटे आणि ६० अंशांचा कोन, पाव इंची बीएसपीला (ब्रिटिश पद्धत) १९ आटे आणि ५५ अंश. दोन-तीन फेरे ते एकमेकांत मजेत जातात, मग जड होतात. माणसाला वाटतं घट्ट बसलं, आणि तिथून हवा जन्मभर गळत राहते. टेफ्लॉन टेपचे दहा वेढे मारून हे सुधारत नाही. फिटिंग घेतानाच एकच पद्धत धरा. टेप लावताना पुढचा एक आटा मोकळा सोडा, कारण तुटलेला टेपचा तुकडा नॉन-रिटर्न व्हॉल्व्हमध्ये जाऊन बसतो. पसरट तोंडाच्या फ्लेअर फिटिंगला तर टेप लावायचाच नसतो, ते धातूवर धातू बसतं.

टाकीचा हिशोब एकदा स्वतः करून बघा, कारण टाकीनं टायर भरतात हा समज फार पक्का आहे. ४ लिटरची टाकी १५० पीएसआयवरून ३० वर आली तर १२० पीएसआय, म्हणजे ८ वातावरणांहून थोडा जास्त फरक. ४ गुणिले ८, साधारण ३३ लिटर मोकळी हवा. ६० लिटर पोटाचा टायर १५ वरून ३० पीएसआयवर न्यायला ६० लिटर लागते. म्हणजे आख्खी टाकी अर्ध्या टायरला. टाकी उपयोगी पडते ती डिफरन्शियल लॉकरला (एका अ‍ॅक्सलची दोन्ही चाकं एकत्र फिरवणारं, हवेवर चालणारं कुलूप), फुंकर मारून फिल्टर साफ करायला आणि मशीन सारखं चालू-बंद होऊ नये म्हणून. नुसते टायरच भरायचे असतील तर टाकी लावू नका, गळणारे जोड तेवढे कमी. लावलीत तर सेफ्टी व्हॉल्व्ह १७५ पीएसआयच्या आसपासचा आणि तळाला पाणी काढायचा कॉक, दोन्ही हवेत.

कोणता घ्यावा हे मात्र मी सांगणार नाही, दोन आकडे बघायला सांगेन. पहिला, हवेचा प्रवाह शून्य दाबावर किती हा नव्हे, ३० पीएसआयवर किती हा. वरच्या हिशोबानं चार टायरना २४० लिटर. ३० पीएसआयवर मिनिटाला ४५ लिटर देणारं मशीन हे सव्वापाच-साडेपाच मिनिटांत करेल, नळी बदलायचा वेळ वेगळा. दुसरा, ड्यूटी सायकल आणि ती कोणत्या दाबावर मोजली. १०० पीएसआयवर ३३ टक्के म्हणजे १० मिनिटं चाललं की २० मिनिटं विश्रांती. टायर भरताना दाब ३०-४० च राहतो, त्यामुळे तेच मशीन जास्त वेळ टिकतं. समुद्रसपाटीपासून ३,००० मीटरवर हवाच विरळ असते, तिथे प्रवाह पाव भागानं किंवा थोडा जास्तच कमी धरा.

राहिलेल्या गोष्टी. वर दिलेली वायरची मापं एका मोटरच्या मशीनची आहेत. एआरबी या ऑस्ट्रेलियन कंपनीच्या दोन मोटरच्या मशीनला ४० अँपिअरचे दोन स्वतंत्र फ्यूज लागतात, तिथे हा सगळा हिशोब दुप्पट. टायर भरताना इंजिन चालू ठेवा. हवा वाहत असताना गेज जास्त दाब दाखवतं, हवा थांबवून वाचा. गाडी वॉरंटीत असेल तर मूळ वायरिंगला कुठेही चिरा देऊ नका. इग्निशनची लाइन फ्यूजबॉक्समध्ये बसणाऱ्या टॅपनं घ्या.

इलेक्ट्रिशियन तरीही फॉगलॅम्पच्या रिलेवरच अडून बसला, तर त्याच्यासमोर इंजिन चालू करा, कॉम्प्रेसर ३० पीएसआयच्या टायरला लावा आणि मल्टीमीटर आधी बॅटरीच्या टोकांवर धरा, मग कॉम्प्रेसरच्या टोकांवर. फरक पाऊण व्होल्टच्या आत हवा. दीड आला तर रिलेच्या होल्डरला बोट लावायला त्यालाच सांगा.