वाचकांचे प्रश्न: मागच्या अंगणात कोर्ट

प्रश्न: आमचं वडोदऱ्यात समा भागात डुप्लेक्स आहे, दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांशी कॉमन. मागे साधारण २० बाय २८ फूट जागा, सध्या पेव्हर ब्लॉक आहेत पण वरखाली झालेत, कोपऱ्यात गटाराचं चेंबर आणि सासूबाईंची तुळस. थोरल्याला बास्केटबॉलचं वेड, तो तेरा वर्षांचा, धाकटी नऊची, तिला आणि तिच्या बाबांना बॅडमिंटन. एक जण कोटेशन देऊन गेला, म्हणाला आहे त्या पेव्हरवरच प्लॅस्टिकच्या टाइल्स टाकू, चार दिवसांत कोर्ट रेडी, दोन्ही गेमच्या लाइनी मारून देतो. पण २०२४च्या ऑगस्टात विश्वामित्री नदीचं पाणी गल्लीत शिरलं तेव्हा मागे गुडघाभर साचलं होतं, म्हणून धाकधूक आहे. करावं का?
– एक वाचक, वडोदरा

उत्तर: करा की. पण चार दिवसांवाल्याकडून नको.

आधी बॅडमिंटनचं बोलू. डबल्सचं कोर्ट ४४ बाय २० फूट असतं, म्हणजे तुमची रुंदी भिंतीला भिंत लागून कशीबशी पुरते आणि लांबी १६ फूट कमीच पडते. त्यात उघड्यावर वारा. आंतरराष्ट्रीय फेडरेशनला २०१९मध्ये बाहेर खेळायचं बॅडमिंटन आणायचं होतं तर त्यांनी शटलसुद्धा वेगळं काढलं, यावरून काय ते समजा. तेव्हा बाप-लेकीसाठी दोन बाजूंना जमिनीत पाइपाचे सॉकेट ठेवून घ्या, संध्याकाळी नेट लावायचं, खेळून झालं की काढायचं. मजेपुरतं झकास होतं. पूर्ण कोर्टाची हौस असेल तर समाचं इनडोअर कॉम्प्लेक्स जवळच आहे, तिथे चौकशी करा.

बास्केटबॉल मात्र तुमच्या जागेत खरोखर बसतो. फ्री थ्रोची लाइन बोर्डापासून १५ फुटांवर, ती आरामात येते. रिंग १० फुटांवर असते पण लहान मुलांच्या मिनी बास्केटबॉलला साडेआठ फूट धरतात, म्हणून खालीवर होणारा पोल घ्या, धाकटीही खेळेल (आणि बघा, सहा महिन्यांत बॅडमिंटन विसरेल). पोल मागच्या कंपाउंडकडे, घराकडे नको, नाहीतर प्रत्येक चुकलेला बॉल किचनच्या काचेवर. मागे जीआय पाइपावर नायलॉनची जाळी, १२ फुटांपर्यंत. जागा ठरवायच्या आधी संध्याकाळी पाचला तिथे उभं राहून बघा, ऊन थेट डोळ्यांत येतं का.

आता खरा खर्च कुठे करायचा ते. कोटेशनमध्ये रंग, टाइल, बोर्डाची जाडी सगळं असतं, फक्त खालच्या जमिनीबद्दल एक ओळ नसते. तुमचे पेव्हर वरखाली झालेत म्हणजे खालची माती हलतेय. आपल्याकडे बऱ्याच भागात काळी माती, पावसात फुगते आणि मे महिन्यात तिला बोट जाईल एवढ्या भेगा पडतात, तिच्यावर काहीही टाका ते तिच्यासोबत नाचणारच. पेव्हर काढा, काळी माती लागली तर ती उपसून मुरूम भरा, सहा-सहा इंचांचे थर पाणी मारून नीट दाबत. पोलचा पाया याच वेळी, स्लॅबच्या आधी, तीन-चार फूट खोल. मग जाड प्लॅस्टिक, सळयांची जाळी आणि चार इंच काँक्रीट.

सगळं अंगण भरू नका, १८ बाय २५ पुरे. कडेला तुळस राहते, पाणी मुरायला माती राहते, आणि चेंबरचं झाकण मोकळं राहतं, जे बुजवलं तर कधीतरी कोर्ट फोडायची वेळ येते. एवढ्याला साधारण सव्वाचार घनमीटर काँक्रीट लागेल, आरएमसीची (तयार काँक्रीटची) गाडी गल्लीत शिरते का ते आधी विचारा. उतार शंभराला एक, म्हणजे १८ फुटांत दोन इंच, एकाच दिशेला आणि घरापासून लांब. मध्ये खोलगट आणि तिथे पाणी जायला जाळी, असं कोणी सुचवलं तर ऐकू नका. खालच्या कडेला उघडी नाली काढा. दुसऱ्या दिवशी कटरने आठ-नऊ फुटांवर इंचभर खोल काप घ्यायचे, म्हणजे तडा जायचाच तर तिथेच जाईल. पाणी किमान सात दिवस मारायचं, उन्हाळ्यात दहा. मिस्त्री तिसऱ्या दिवशी म्हणेल झालं बेन (ताई), त्याचं मनावर घेऊ नका.

आणि त्या टाइल्स. वाईट नसतात, पाणी खालून निघून जातं, घर बदललं तर उचलून नेता येतात. पण त्या पॉलीप्रॉपिलीनच्या, आणि हे प्लॅस्टिक पाण्यापेक्षा हलकं असतं. गुडघाभर पाण्यात तुमचं कोर्ट तरंगायला लागेल आणि पाणी ओसरल्यावर खालचा गाळ काढायला एकेक टाइल उचलावी लागेल. त्यामुळे तुमच्या घरी टाइल नकोच. ॲक्रिलिकचा कोट चालेल, पण काँक्रीटला २८ दिवस झाल्यावरच, नाहीतर फोड येतात. माझं विचाराल तर वर्षभर कोटही नको, झाडू फिरवलेलं खरखरीत काँक्रीट आणि रंगाने मारलेल्या लाइनी. एक पावसाळा जाऊ दे, पाणी कुठे थांबतं ते खडूने मार्क करा, ते सुधारून मग रंग. तोही फिका, मे महिन्यात गडद निळ्यावर अनवाणी पाय टेकवत नाहीत.

प्रश्न: आम्ही जागा वाचावी म्हणून बोर्ड सरळ भिंतीवरच ठोकलाय, शेजारचे काका रोज ओरडतात, काय करू?
– एक वाचक, मांजलपूर, वडोदरा

उत्तर: काका बरोबर आहेत हो. भिंत कॉमन असेल तर प्रत्येक बॉल त्यांच्या बेडरूममध्ये ढोलासारखा वाजत असणार. बोर्ड काढून वेगळ्या पोलवर घ्या, पोल भिंतीला कुठेच टेकू देऊ नका. रात्री दहाच्या पुढे तर खेळायचंच नाही, आवाजाच्या सरकारी नियमांत, नॉइज रूल्समध्ये, रात्र दहालाच सुरू होते. एलईडी लावला असेल तर त्याचं तोंड खाली करा, आणि पोल उभा करायच्या आधी काकांना एकदा जागा दाखवा, नंतर सरकवणं महागात पडतं.