हप्ता उतरला, पैसे गेले कुठे?

सबसिडीचं घर मिळालं, हप्ता कमी झाला, तरी वीस तारखेला हात रिकामा. साठवावं म्हटलं तर भीती, की खात्यात पैसे दिसले तर सरकारी मदत बंद होईल. गोव्यात बार्देश-डिचोलीकडच्या घरांमधून ही दोन वाक्यं मी बहुतेक वेळा जोडीनंच ऐकते. म्हापशाजवळच्या एका घराची गोष्ट सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

यजमान कळंगुटला रेस्टॉरंटमध्ये वेटर. सीझनला, म्हणजे ऑक्टोबर ते मे, सोळा हजार पगार आणि वर टिप. पाऊस लागला की नऊ हजार. वहिनी पोळ्या लाटून एका खानावळीला देतात, त्याचे सहाएक हजार. शिवाय गृह आधारचे, म्हणजे गोवा सरकारच्या गृहिणींसाठीच्या मदतीचे, महिना १,५००. २०१९ साली नऊ लाखांचं कर्ज काढून त्यांनी वन-रूम-किचन घेतलं. हप्ता होता ७,८०० च्या घरात. पुढे प्रधानमंत्री आवास योजनेची व्याज-सबसिडी आली, २.६७ लाख. ती हातात पडत नसे, थेट कर्जखात्यात वळती होई. मुद्दल उतरलं आणि हप्ता ५,५०० वर आला. (ही व्याज-सबसिडी मार्च २०२२ मध्ये बंद झाली, त्यामुळे आता तिच्यावर भिस्त ठेवू नका.)

म्हणजे महिन्याला २,३०० रुपये सुटले. चार वर्षांत लाखाच्या वर. मी विचारलं, कुठे आहेत? दोघं एकमेकांकडे बघत राहिले.

इथे मी एक चूक केली. वही दिली आणि रोजचा खर्च लिहायला सांगितला. दोन महिन्यांनी वहीत मोजून अकरा ओळी होत्या, शेवटच्या पानावर मुलाचं गणित. पहाटे पाचला कणीक मळायला घेणाऱ्या बाईनं रात्री दहाला हिशेब लिहावा, ही अपेक्षाच मुळात चुकीची. पैसे कुठे गेले ते नंतर भिंतीवरच्या कॅलेंडरनं सांगितलं: दुधाच्या खाड्यांच्या शेजारी फ्रिजचा हप्ता, मोबाइलचा हप्ता, मुलाच्या सायकलचा हप्ता. उधळपट्टी कुठेच नव्हती. सुटलेल्या पैशाला राहायला जागा ठरवून दिली नव्हती, म्हणून तो मिळेल त्या दारात शिरला.

अमेरिकेत सरकारी मदतीच्या घरांसाठी १९९० पासून एक योजना आहे, फॅमिली सेल्फ-सफिशियन्सी. तिथे भाडेकरूला साधारण उत्पन्नाच्या ३० टक्के भाडं द्यावं लागतं. पगार वाढला की भाडं वाढतं. या योजनेत नाव घातलेल्या कुटुंबानं वाढीव भाडं भरलं, की त्या वाढीच्या हिशेबानं एक रक्कम त्यांच्या नावे वेगळ्या खात्यात पडत जाते. करार साधारण पाच वर्षांचा. ठरलेल्या अटी पूर्ण केल्या की ती रक्कम त्यांची. आपल्याकडे असं कुणी करून देत नाही. पण त्यातली युक्ती फुकट उचलण्यासारखी आहे: फरक हातात येण्याआधीच बाजूला पडला पाहिजे.

हे सांगत होते तेव्हा वहिनी उठून आत गेल्या आणि एक पत्र्याचा डबा घेऊन आल्या. मे महिना होता, पुरुमेंताचे, म्हणजे पावसाळ्याची बेगमी करायचे दिवस. शुक्रवारच्या बाजारातून आणलेल्या मिरच्या, सोलां, खारं असं सगळं घरात भरून झालं होतं. डब्यात वर सुकी सुंगटं (कोळंबी), खाली प्लास्टिकच्या पिशवीत नोटा. अठरा हजार. "इथे हे हात घालत नाहीत, वास येतो म्हणून." यजमान थक्क. मीही. मला वाटलं होतं या घराला साठवायची सवय लावायची आहे; बाई तर माझ्यापेक्षा सरस निघाली.

मग बँकेत का नाही? त्यावर दोन कारणं आली. एक, सासूबाईंचे पैसे पूर्वी एका पतसंस्थेत बुडाले होते. दोन, "खात्यात दिसले तर गृह आधार जाईल, मॅडम."

पहिल्या कारणाला उत्तर असं, की बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं, पतसंस्थेतल्या ठेवीला ते नसतं. दारात पिग्मीवाला, म्हणजे रोज थोडी थोडी रक्कम ठेवीसाठी गोळा करणारा, आला की पहिला प्रश्न हाच विचारायचा, बँकेचा की पतसंस्थेचा. दुसऱ्याला उत्तर त्याहून सोपं: गृह आधारला नवरा-बायकोचं मिळून वार्षिक उत्पन्न बघतात, मर्यादा तीन लाख. शिल्लक बघत नाहीत. व्याज उत्पन्नात धरलं तरी अठरा हजारांवर ते किती होणार? पगारच वाढून तीन लाखांवर गेला तर मदत थांबेल, ती भीती खरी. पण म्हणून साठवण थांबवायची गरज नाही. घराची सबसिडी तर कर्जात जिरून गेलेली, शिल्लक बघून ती कोण परत मागणार?

शेवटी दोन खाती ठरली. पोस्टात महिना हजाराची आरडी (दरमहा भरायची ठेव), पाच वर्षांची, तेव्हाच्या ६.७ टक्क्यांनी एकाहत्तर हजारांच्या आसपास होतात. ती पगाराच्या दुसऱ्या दिवशीच भरायची. आणि टिप रोख येते म्हणून बँकेची पिग्मी, रोज पन्नास, फक्त सीझनला. आठ महिन्यांचे बारा हजार, म्हणजे पावसाच्या चार महिन्यांना तीन-तीन हजार. पिग्मीचं व्याज नावापुरतंच असतं, हे मी त्यांना सांगितलं. पण जुलैत उधारी टळते, तोच त्याचा फायदा. वहिनींनी त्याला लगेच नाव दिलं, पावसाचं पुरुमेंत. डब्यातल्या अठरापैकी पंधरा हजार बचत खात्यात गेले, तीन डब्यातच राहिले. मी हट्ट धरला नाही. मोबाइलचा हप्ता संपला की तेवढीच दुसरी आरडी, असंही बोलणं झालं; ते अजून झालेलं नाही. मध्ये सायलेन्सर तुटला, स्कूटरचा.

पुढच्या वर्षी गणेशचवथीच्या आठवड्यात फोन आला. माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळा-पानांचं) सामान, करंज्यांचं पीठ, सगळं रोखीनं घेतलं होतं. पण आवाज दबका. "मॅडम, भावजी आले होते. आरडीत पैसे आहेत हे ह्यांनीच सांगून टाकलं. वीस हजार उसने मागतात."

मी म्हटलं, सांगा, तीन वर्षं होईपर्यंत पोस्टाची आरडी मोडता येत नाही. नियमच आहे तसा.

"ते मी सांगून टाकलं," त्या म्हणाल्या. "आता ते विचारतात, पिग्मी कधी सुटते?"