भिंत उघडण्याआधी अंदाजपत्रक

प्रश्न : न्यू जर्सीच्या मिडलसेक्स काउंटीत आमचे १९५४ साली बांधलेले दुमजली लाकडी घर आहे. त्यावरचे व्हाइनल साइडिंग, म्हणजे बाहेरच्या भिंतींवरचे प्लास्टिकच्या पट्ट्यांचे आच्छादन, आधीच्या मालकांनी १९८० च्या दशकात बसवले होते. उत्तरेकडच्या भिंतीवर ते आता फुगले आहे आणि स्वयंपाकघराच्या खिडकीखालच्या दोन पट्ट्या सुटून वाऱ्याने वाजतात. तीन कंत्राटदारांकडून खर्चाचे अंदाज मागवले, तर सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त रकमेत जवळजवळ दुपटीचा फरक निघाला. मुलगी दोन वर्षांनी कॉलेजला जाईल, त्यामुळे पैसे जपून वापरायचे आहेत. दर वर्षी एकेक भिंत करून घ्यावी का? कमी रकमेचा अंदाज स्वीकारण्यात धोका आहे का?

उत्तर : तिन्ही अंदाज शेजारी ठेवून वाचलेत, तर ते एकाच कामाचे नाहीत असे बहुधा आढळेल. एकाने जुन्या साइडिंगवरच नवे ठोकायचे धरलेले असते, दुसऱ्याने जुने उतरवून ते उचलून नेण्याचा खर्चही धरलेला असतो आणि तिसऱ्याने खिडक्यांभोवतीचे सगळे फ्लॅशिंग (सांध्यांतून पाणी आत जाऊ न देणाऱ्या पट्ट्या) नव्याने करायचे ठरवलेले असते. म्हणून रकमांची तुलना करण्याआधी तिघांनाही एकाच कामाची लेखी यादी द्यावी आणि तिच्यानुसार पुन्हा दर मागावेत.

मोजमाप स्वतः करणे कठीण नाही. या धंद्यात ‘स्क्वेअर’ म्हणजे १०० चौरस फूट. घर ४० बाय २६ फुटांचे आणि भिंती १८ फूट उंच असतील, तर परिघ १३२ फूट आणि भिंतींचे क्षेत्रफळ २,३७६ चौरस फूट होते. दोन्ही बाजूंच्या छपराखालच्या त्रिकोणी भागांचे मिळून सुमारे १५६ चौरस फूट धरा आणि कापण्यात वाया जाणाऱ्या मालासाठी दहा टक्के वाढवा, म्हणजे २८ स्क्वेअरच्या आसपास आकडा येतो. कोणी ३६ लिहिले असतील, तर त्यांना कारण विचारण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

मात्र खरा खर्च दिसणाऱ्या पट्ट्यांपेक्षा त्यांच्या मागे दडलेला असतो, आणि तुमच्या प्रश्नातला तो फुगवटा वाचून मला काळजी वाटते ती त्याचीच. व्हाइनल साइडिंग पाणी पूर्णपणे अडवत नाही. पावसाचा मोठा मारा ते झेलते, पण थोडे पाणी आत जाणार हे गृहीतच धरलेले असते. ते पाणी खाली उतरवून बाहेर काढण्याचे काम मागचे जलरोधक आवरण आणि खिडकी-दारांवरचे फ्लॅशिंग करते. कोकणातल्या छपरावर वरचे कौल खालच्यावर चढलेले असते, तसाच आवरणाचा प्रत्येक वरचा थर खालच्यावर यायला हवा. हा क्रम एका जागी जरी उलटा झाला, तरी पाणी भिंतीत शिरते आणि वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षातही येत नाही.

म्हणून करारावर सही करण्याआधी भिंत एका जागी उघडून पाहा. हार्डवेअरच्या दुकानात साइडिंग उचकटायचे छोटेसे आकड्याचे हत्यार थोडक्या डॉलरांत मिळते. उबदार दिवशी, कारण थंडीत जुने व्हाइनल चटकन तडकते, स्वयंपाकघराच्या खिडकीखालची पट्टी त्याने सोडवा आणि खिडकीच्या खालच्या दोन्ही कोपऱ्यांशी मागच्या फळ्या बघा. काळे डाग, गंजून फुललेले खिळे, ओलसर कुबट वास यांपैकी काही आढळले, तर पेचकसाचे टोक फळीवर हळूच दाबा. चांगल्या लाकडावर ते अडते. कुजलेल्यात ओल्या पुठ्ठ्यात जावे तसे आत जाते. त्या एका कोपऱ्यावरून उरलेल्या भिंतीचा पूर्ण अंदाज येत नाही, पण किती रक्कम राखून ठेवायची हे ठरवायला तो पुरेसा असतो. तुमच्या वयाच्या घरासाठी मी एकूण खर्चाच्या १५ ते २० टक्के बाजूला ठेवायला सांगेन. शिवाय कुजलेल्या फळ्या बदलण्याचा दर प्रत्येक प्लायवूड शीटमागे किती, हे करारातच लिहून घ्यावे, कारण भिंत उघडी पडल्यावर घासाघीस करण्याची ताकद घरमालकाकडे उरत नाही.

जुन्या व्हाइनलखाली मूळ लाकडी पट्ट्या असल्या, तर त्यांच्यावरच्या रंगात शिसे असण्याची शक्यता मोठी आहे; अमेरिकेत घरगुती रंगातल्या शिशावर बंदी १९७८ साली आली. तसा रंग खरवडणारे किंवा तोडणारे काम प्रमाणित कंपनीनेच, भिंतीपासून किमान दहा फूट जमिनीवर प्लास्टिक अंथरून करावे, असा केंद्र सरकारचा नियम २०१० पासून लागू आहे. पट्ट्यांऐवजी करड्या, ठिसूळ, सिमेंटसारख्या फरशा दिसल्या, तर त्या अ‍ॅस्बेस्टॉसच्या, म्हणजे फुप्फुसांना घातक अशा तंतुमय खनिजाच्या, असू शकतात. त्या फोडू नका, घासू नका, आधी प्रयोगशाळेत तपासून घ्या.

एकेक भिंत करण्याच्या मी विरोधात आहे. परांचीचा आणि कामगारांच्या ये-जाचा खर्च दर वर्षी नव्याने पडतो, कोपऱ्यांचे जोड अर्धवट राहतात आणि तोच रंग तीन वर्षांनी मिळेल याची खात्री नसते. पैसे कमी पडत असतील, तर फायबर सिमेंटच्या महागड्या पट्ट्यांचा विचार असल्यास तो सोडून साधे व्हाइनल घ्या, पण आवरण आणि फ्लॅशिंग यांत काटकसर करू नका. पुढच्या चार-पाच वर्षांत खिडक्या बदलायच्या असतील, तर त्या याच वेळी बदला, नाहीतर नवे फ्लॅशिंग पुन्हा उखडावे लागेल. भिंतींत इन्सुलेशन (उष्णता अडवणारा भराव) नसेल, तर बाहेरून छिद्रे पाडून सेल्युलोज, म्हणजे कागदाचा भुगा, भरण्यासाठीही हीच वेळ सोयीची असते. विक्रेते ज्याला इन्सुलेशन म्हणतात तो पाव इंचाचा घडीचा फोम मात्र उष्णता अडवण्याच्या ‘आर’ या मापात जेमतेम आर-१ इतकाच असतो.

खिळा घट्ट ठोकलेला नसावा. बारा फुटांची व्हाइनल पट्टी हिवाळा-उन्हाळ्यात सुमारे अर्धा इंच आखडते-पसरते, म्हणून खिळा खाचेच्या मधोमध मारून डोक्याखाली १/३२ इंच फट ठेवतात. तुमच्या उत्तरेकडच्या फुगवट्याचे एक कारण घट्ट खिळेही असू शकतील. काम सुरू झाल्यावर पहिल्याच दिवशी एखादी पट्टी हाताने डावी-उजवीकडे सरकवून पाहा. ती थोडी हलली पाहिजे.

न्यू जर्सीत ५०० डॉलरवरच्या कामाचा करार लेखी असावा लागतो, कंत्राटदार राज्याकडे नोंदणीकृत असावा लागतो, आणि कराराची प्रत हाती आल्यानंतर कामकाजाच्या तीन दिवसांत तो रद्द करता येतो. शेवटचा हप्ता कचरा उचलून झाल्यावर आणि घराभोवती स्वतः एक फेरी मारल्यावरच द्यावा. पावत्या जपून ठेवा. पुढे घर विकताना करासाठी साइडिंगचा खर्च घराच्या मूळ किमतीत मिळवता येतो.

आणखी एक गोष्ट, जी तुम्ही विचारलेली नाही. भिंतीलगतच्या पट्टीत मेथी-कोथिंबीर लावत असाल, तर जुन्या रंगातले शिसे तिथल्या मातीत उतरले आहे का ते तपासून घ्या आणि निकाल येईपर्यंत ती भाजी खाऊ नका.