माकडांना ओरडता येतं, मग बोलता का येत नाही? माणूस बोलायला कसा लागला?

तुम्ही प्रश्नाखाली विचारलंय, ‘त्यांचा घसा वेगळा असतो म्हणून का?’ मलाही बरीच वर्षं तसंच वाटायचं. १९६९ मध्ये भाषाशास्त्रज्ञ फिलिप लीबरमन यांनी मांडलं होतं की माकडाच्या घशाची ठेवणच अशी असते की माणसाचे स्वर त्यातून निघणार नाहीत. पुढे २०१६ मध्ये जीवशास्त्रज्ञ टेकमसे फिच आणि सहकाऱ्यांनी मकाक माकडाच्या घशाच्या हालचाली क्ष-किरणांनी टिपल्या, तेव्हा दिसलं की त्या घशातून पुरेसे वेगवेगळे स्वर सहज निघू शकतात. म्हणजे वाद्य ठीक आहे, ते वाजवणारा मेंदू वेगळा. १९४० च्या दशकाच्या शेवटी हेज दांपत्याने व्हिकी नावाची चिंपांझी घरात मुलीसारखी वाढवली होती. वर्षानुवर्षं खटपट करून तिला जेमतेम चार शब्द म्हणता आले, तेही घोगऱ्या कुजबुजीत.

मग लोक हातांकडे वळले. अमेरिकेतल्या नेवाडात गार्डनर दांपत्याने वॉशो या चिंपांझीला मूकबधिरांच्या खुणा शिकवल्या आणि ती सव्वाशेच्या वर खुणा शिकली. सगळ्यांना वाटलं, सुटलं कोडं! पण मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट टेरेस यांनी अशाच खुणा शिकवलेल्या निम नावाच्या चिंपांझीच्या चित्रफिती बारकाईने तपासल्या आणि १९७९ मध्ये उलटाच निष्कर्ष काढला. निमचं सर्वांत लांब ‘वाक्य’ सोळा खुणांचं होतं, आणि त्याचा सगळा मथितार्थ ‘संत्रं दे, मला दे, खायला दे’ एवढाच.

मला खरी मेख इथे दिसते. ‘दे’ म्हणणं आणि ‘बघ’ म्हणणं यांत फार अंतर आहे. माझी मुलगी वर्षाची होत आली होती तेव्हा फिरत्या पंख्याकडे बोट करायची आणि लगेच वळून माझ्या तोंडाकडे बघायची. तिला पंखा नको होता. मीही तो पाहावा, बस. एकही शब्द येत नसताना हे चालायचं. चिंपांझी एकमेकांना असं काही दाखवताना क्वचितच दिसतात. मानसशास्त्रज्ञ मायकेल टोमासेलो भाषेचं मूळ इथेच शोधतात आणि मला त्यांचं पटतं.

तरी माकडांना अगदीच कोरं समजू नका. केनियातल्या अंबोसेलीत सेफार्थ, चेनी आणि मार्लर या संशोधकांनी व्हर्वेट माकडांच्या हाका ध्वनिमुद्रित करून ध्वनिक्षेपकावरून त्यांनाच ऐकवल्या. बिबट्याची हाक ऐकली की माकडं झाडावर, गरुडाची ऐकली की नजर आभाळाकडे, सापाची ऐकली की मागच्या पायांवर उभं राहून गवतात शोध. पिल्लं तर गळणाऱ्या पानालाही गरुड समजून ओरडतात, मोठेपणी सुधारतात. पण ‘काल इथे बिबट्या आला होता’ हे एकही व्हर्वेट सांगू शकत नाही. युगांडातल्या बुडोंगो जंगलात मात्र असं आढळलं की साप न पाहिलेला सोबती जवळ असेल तर चिंपांझी जास्त हाका देतात. ‘याला माहीत नाही, सांगायला हवं’ याचं बी तिथे कुठेतरी असावं.

हे नेमकं कधी उगवलं? या विषयावर इतक्या हवेतल्या गप्पा व्हायच्या की पॅरिसच्या भाषाविज्ञान मंडळाने १८६६ मध्ये त्यावर निबंध घेणंच बंद केलं. कोणी म्हणे भाषा प्राण्यांच्या नकलेतून आली. ‘काव काव’वरून कावळा ठीक आहे हो, पण ‘उद्या’चा आवाज कसा असतो? इस्रायलच्या केबारा गुहेत निअँडरथल या नामशेष झालेल्या मानवजातीतल्या माणसाचं जिभेच्या मुळाशी असणारं हाड मिळालंय, सुमारे ६०,००० वर्षांपूर्वीचं आणि बरंचसं आपल्यासारखं. पण हाडावरून घसा कळतो, गप्पा कळत नाहीत.

जवळजवळ शून्यातून भाषा उभी राहताना मात्र माणसांनी पाहिलीय. १९७० च्या दशकाच्या अखेरीस मध्य अमेरिकेतल्या निकाराग्वात मूकबधिर मुलं पहिल्यांदाच मोठ्या संख्येने एका शाळेत आली. प्रत्येकाकडे फक्त घरच्या चार खुणा होत्या. त्यांची एक सामाईक बोली झाली, आणि मागून आलेल्या लहानग्यांनी तिला नियमबद्ध व्याकरण दिलं. वर्गात शिक्षक स्पॅनिश ओठांवरून वाचायला शिकवत होते. ही भाषा झाली ती खेळाच्या मैदानात आणि शाळेच्या बसमध्ये.